सालीवरचं हे खरवडायचं की राहू द्यायचं? (दोन जांभळं, एक मामा आणि लालसर तपकिरी भानगड)

वेण्णाकाठ (२१ मे, रात्री ९:१२)

मंडळी, झाडाझुडपांतलं मला फारसं कळत नाही, म्हणून हा धागा.

माझं आजोळ महाबळेश्वरहून मेढ्याकडे उतरणाऱ्या बाजूला एका वाडीत. परसात दोन जुनी जांभळं आणि कुंपणाला अंजनी. या झाडांच्या सालीवर तळहाताएवढे, काही ठिकाणी ताटाएवढे लालसर तपकिरी डाग आहेत. लांबून वाटतं कुणी काथ शिंपडलाय. जवळ गेलं की बारीक दोरे दिसतात, विणल्यासारखे सालीला चिकटून बसलेले. दगडफूल म्हणावं तर ते राखाडी आणि पापुद्र्यासारखं, हे तसं नाही. शेवाळ म्हणावं तर हिरवं नाही, आणि मे महिन्यात कसलं आलंय शेवाळ?

मामाचं म्हणणं, झाडाला खरूज झालीय. गेल्या आठवड्यात त्याने आणि मामेभावाने कोयत्याच्या पाठीने एक जांभूळ अर्धंअधिक खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी मामेभावाच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ! मामा खूश. "बघ, खरूजच होती. लागली."

माझे प्रश्न तीन. हे नक्की आहे काय? झाडाला बाधतं का? आणि उरलेलं खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी का? मोरचूद आणून ठेवलंय, जूनच्या आत मामाला उरकायचंय.

फोटो टाकलेत, पण मोबाईलचे आहेत. फार आशा ठेवू नका.

उपटसुंभ (२१ मे, रात्री ९:३०)

झाडाची खरूज माणसाला लागत असेल तर माणसाचं टक्कलही झाडाला लागत असणार. आमच्या सोसायटीतला गुलमोहर उगाच नाही बोडका.

बागाईतदार_देवगड (२१ मे, रात्री १०:०५)

आमच्याकडे कलमांवरही असलं काही ना काही असतं. बांडगूळ असेल तर काढा, ते झाडाचं रक्त पितं. बाकी दगडफूल, शेवाळ वगैरेंनी फळ कमी आलेलं मी तीस वर्षांत बघितलेलं नाही. उलट कोयत्याने साल खरवडली की जखमा होतात, मग खोडकिड्याला घर मिळतं. मामांना सांगा, कोयता आधी बाजूला ठेवा.

बोर्डो लावली तर हे मरणार, तांब्यापुढे ही मंडळी टिकत नाहीत. पण मारायचंच कशाला हा प्रश्न.

पिंपळपान (२१ मे, रात्री १०:२०)

फोटो क्र. ३ मॉससारखा वाटतोय. वाळलेलं मॉस.

मास्तर_निवृत्त (२२ मे, सकाळी ६:४८)

मॉस नाही, पिंपळपान. फोटो धूसर आहेत, तरी दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना पानं ओळीने बसलेली दिसतात. मॉसची पानं देठाभोवती सगळीकडून येतात. ही चपटी वेणी आहे.

वेण्णाकाठ, एक काम करा. एकच दोरा सालीवरून चिमट्याने अलगद सोडवा. पांढऱ्या बशीत ठेवा. घरात नाणी बघायचं, दागिन्यांचं, कसलंही दहापट भिंग असेल तर ते घ्या. आधी कोरडा बघा, मग ड्रॉपरने एक थेंब पाणी टाका आणि नजर हलवू नका. त्यानंतर दोरा उलटा करून पोटाची बाजू बघा. जे दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा, पुस्तकातले शब्द वापरू नका.

आणि मामांना म्हणावं, परीक्षा होईपर्यंत मोरचूद कपाटात.

उपटसुंभ (२२ मे, सकाळी ९:१५)

मास्तरांनी सुट्टीत गृहपाठ दिला. जुन्या सवयी.

वेण्णाकाठ (२३ मे, दुपारी ४:४०)

गृहपाठ आणला आहे. भिंग शेजारच्या सोनारकाकांचं.

कोरडा दोरा सुतळीच्या एका धाग्याएवढा, लांबी पेराएवढी. रंग जुन्या तांब्याच्या भांड्याचा, चिंचेने घासायच्या आधीचा. पानं दोऱ्याला इतकी लपेटलेली की पान म्हणून वेगळं काही कळतच नाही.

थेंब टाकला. आणि मास्तर, मी ओरडलेच! पानं एकेक करून ताठ उभी राहिली. गुंडाळलेल्या छत्र्या एका रांगेत उघडाव्या तशी. दहा सेकंदही लागले नसतील. दोरा होता त्याच्या तिप्पट रुंद झाला आणि तांब्याखालून हिरवा रंग वर आला. आईला बोलावून दुसऱ्या दोऱ्यावर पुन्हा केलं. मग आजीला बोलावलं. एकूण पाच दोरे झाले.

उलटा केल्यावर: मधोमध एक तिसरी ओळ आहे लहान पानांची, प्रत्येकाला टोकाशी खाच, सापाच्या जिभेसारखी. त्या पानांच्या बुडाशी केसांचा झुपका, कुंचल्यासारखा. आणि मोठ्या पानांच्या खाली, दोऱ्याला लागून, बाळाच्या कुंचीसारखं काहीतरी. इतकं बारीक की आधी वाटलं धूळ आहे. काही ठिकाणी कुंची, काही ठिकाणी नुसती चपटी जीभ. त्या कुंचीत पाणी भरलेलं दिसतं, चकाकतं.

हे काय आहे???

मास्तर_निवृत्त (२३ मे, संध्याकाळी ६:१०)

शाब्बास. दहापैकी दहा.

हे लिव्हरवर्ट. मराठीत यकृतका. शाळेच्या पुस्तकात ब्रायोफायटा म्हणजे 'वनस्पतिसृष्टीतले उभयचर' असं वाचलं असेल, तिथे रिक्सिया आणि मर्केन्शियाची चित्रं असतात, चपटी, दुभंगलेल्या पट्ट्यांची. तिथेच घोळ होतो. लोकांना वाटतं यकृतका म्हणजे ती चपटी. प्रत्यक्षात जगातल्या यकृतकांपैकी बहुसंख्य पानवाल्या आहेत. चपट्या अल्पसंख्याक, पण चित्रात त्याच.

तुम्ही पाहिलीत ती फ्रुलेनिया. यात मला शंका नाही, कारण कुंची. जातीबद्दल म्हणाल तर पाणी पडताच पानं अशी काटकोनात ताठ होणं आणि काही कुंच्या, काही जिभा असणं, यावरून फ्रुलेनिया एरिकॉइडिस असावी. उष्ण प्रदेशांत जगभर सापडते, पश्चिम घाटात झाडांच्या सालीवर भरपूर आहे. पण जातीची सही मी स्लाईड बघितल्याशिवाय करत नाही.

आता रचना. पान एका पेशीच्या जाडीचं. मधली शीर नाही. मॉसच्या पानाला बहुधा शीर असते, यांना नाही, ही एक खूण लक्षात ठेवा. वरच्या दोन रांगा म्हणजे मोठी पानं. प्रत्येक पानाचे दोन भाग: वरचा पंखा, आणि खाली दुमडलेली छोटी पाळी. फ्रुलेनियात या पाळीचीच फुगून कुंची होते. तिसरी रांग पोटाशी, त्यांना आम्ही वर्गात 'पोटपानं' म्हणायचो. शब्दकोशात शोधू नका, माझाच शब्द आहे. पोटपानाच्या बुडातला झुपका म्हणजे सालीला धरून ठेवणारे तंतू. ही मुळं नव्हेत. त्यातून झाडाचा रस ओढला जात नाही, नुसती पकड. त्यामुळे देवगडकर म्हणतात ते बरोबर. बांडगुळाशी याचा काडीचा संबंध नाही.

शंकासूर (२३ मे, रात्री ८:०२)

मास्तर, एक गोष्ट पटत नाही. वेण्णाकाठ यांचा फोटो क्र. ७ मोठा करून बघितला. दोऱ्याचा शेंडा वर धरला तर कुंचीचं तोंड खाली आहे. म्हणजे भांडं उपडं! उपड्या भांड्यात पाणी साठतं असं तुम्ही म्हणणार का?

मास्तर_निवृत्त (२३ मे, रात्री ८:४५)

प्रश्न उत्तम. भांडं उपडं आहे हे खरं. पण आकार बघा: पाव मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या लहान जागेत पाण्याला आपलं वजन जाणवत नाही. ड्रॉपरचं रबर काढून नुसती नळी पाण्यात बुडवून उभी उचला, टोकातलं पाणी पडतं का? तेच. केशाकर्षण पाण्याला भिंतीशी धरून ठेवतं. उलट तोंड खाली असल्यामुळे वरून ऊन आणि वारा थेट पाण्यावर येत नाही, असंही म्हणता येईल.

पाणी साठवणं हेच या कुंचीचं मुख्य काम आहे का, यावर मात्र शतकभराहून जास्त काळ वाद आहेत. कारण तुम्हीच पाहिलंत की याच झाडावर सपाट जिभाही आहेत. गरजेचंच असतं तर सगळीकडे असतं.

शंकासूर (२३ मे, रात्री ८:५०)

ड्रॉपर करून बघितला. मान्य. (पण "असंही म्हणता येईल" हे मास्तरांनी पळवाट म्हणून ठेवलंय, नोंद घेतली आहे.)

कौलारू (२३ मे, रात्री १०:३०)

आंबोलीचा माणूस म्हणून मध्ये तोंड घालतो. आमच्याकडे पावसाळ्यात झाडाची सालच दिसत नाही, सगळीकडे असलं काहीतरी. पानांवरसुद्धा! जिवंत पानाच्या पृष्ठभागावर बारीक हिरवी नक्षी चिकटलेली असते, ती पण याच कुळकथेतली, बहुतेक लेज्युनिया नावाच्या दुसऱ्या यकृतकेची भावंडं.

कॉलेजात एकदा एका मॅडमनी पानांची मांडणी कौलांवरून शिकवली होती, ती आजही डोक्यात आहे. छपरावर मंगलोरी कौलं लावताना खालून सुरुवात करतात, वरचं कौल खालच्यावर चढतं, म्हणून पाणी वाहून जातं. आता दोऱ्याचा शेंडा म्हणजे आढं धरा. काही यकृतकांत अशीच मांडणी असते, घराच्या कौलांसारखी. फ्रुलेनियात उलटी: खालच्या पानाची वरची कड पुढच्या पानावर चढते. म्हणजे अडाणी गवंड्याने लावलेलं छप्पर, पाणी आत घेणारं. मॅडम म्हणायच्या, "घरात पाणी नको असतं, हिला हवं असतं."

उपटसुंभ (२३ मे, रात्री १०:४१)

आमच्या बिल्डरने हेच तत्त्व वापरलंय. आता कळलं, वनस्पतिशास्त्र शिकला असणार.

साळुंकी (२४ मे, सकाळी ११:२०)

हा धागा वाचून गोड्या मसाल्याच्या डब्याकडे गेले. दगडफुलाची पुडी ताटात ओतली. दगडफुलात सालीचे तुकडे, काड्या, कधी मॉस असतं हे माहीत होतं, आपण निवडून टाकतो. या वेळी निवडलेला कचरा टाकला नाही, वाटीत पाणी घेऊन त्यात घातला.

एका सालीच्या तुकड्यावर काळपट दोरे होते. पाच मिनिटांत उघडले! हिरवे नाही झाले, पण पानं आणि खाली कुंच्या स्पष्ट. म्हणजे इतकी वर्षं मी फ्रुलेनिया निवडून केरात टाकत होते. आणि निवडायची राहिली तेव्हा आमटीत.

मास्तर, पोटात गेल्याने काही होतं का हो?

मास्तर_निवृत्त (२४ मे, दुपारी १२:०५)

तुमची आमटी आम्ही खाल्लेली नाही, तेव्हा मत देता येत नाही. निवडून टाकत राहा. मसाल्यात तिचं काम नाही.

टेम्सतीर (२४ मे, संध्याकाळी ७:५५)

इंग्लंडमधून. इथे दोन फ्रुलेनिया मला ओळखता येतात, तेवढ्यावर माझी मजल. एक डायलेटाटा, जवळपास कुठल्याही अॅश किंवा विलोच्या खोडावर, काळपट लाल चट्टे. दुसरी टॅमॅरिस्की, पश्चिमेकडे ओलसर जंगलात, तांबूस आणि चकचकीत. हिच्या पानात मधोमध लालसर मोठ्या पेशींची एक रांग असते. भिंगातून शीर असल्यासारखी दिसते, पण शीर नव्हे. डायलेटाटात ती रांग नाही. माझ्या मुलीला हे कळल्यापासून ती प्रत्येक झाडापाशी थांबते. शाळेला उशीर होतो.

कारखान्यांच्या धुराच्या काळात सल्फर डायऑक्साइडमुळे लंडन परिसरातून डायलेटाटा जवळजवळ गेली होती. हवा सुधारल्यावर परत आली. त्यामुळे वेण्णाकाठ, तुमच्या मामांच्या झाडावर फ्रुलेनिया असणं हे हवेचं प्रशस्तिपत्रक समजा.

पिंपळपान (२४ मे, रात्री ९:१०)

अवांतर: फ्रुलेनिया हे नाव कुठून आलं? औषधाच्या गोळीसारखं वाटतं.

टेम्सतीर (२४ मे, रात्री ९:३५)

रॅडी नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१८ साली दिलं. टस्कनीच्या दरबारात लिओनार्दो फ्रुल्लानी म्हणून अर्थखातं सांभाळणारे गृहस्थ होते, त्यांच्यावरून.

उपटसुंभ (२४ मे, रात्री ९:४०)

झाडाच्या अंगावर बसून खिशात साठवणारी वनस्पती आणि नाव अर्थमंत्र्याचं. रॅडींना मानलं.

मास्तर_निवृत्त (२४ मे, रात्री ९:५८)

उपटसुंभ, झाडाचं काही घेत नाही असं वर सांगितलंय. पावसाचं पाणी आणि हवेतली धूळ, तेवढ्यावर भागवते. तुमचा विनोद अर्थमंत्र्यांनाही लागू पडत नाही आणि फ्रुलेनियालाही.

नावांवरून आठवलं. भारतात या विषयाचा पाया घातला शिवराम कश्यप यांनी. शिक्षण वैद्यकाचं, नंतर लाहोरला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या यकृतकांवर त्यांचे दोन खंड, १९२९ आणि १९३२. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची एक झेरॉक्स होती, बांधणी सुटलेली. मी ती घरी आणून डिंकाने चिकटवली होती.

शंकासूर (२५ मे, सकाळी ८:२५)

कुंचीत पाणी साठतं तर त्यात किडेही येत असतील. म्हणजे ही मांसाहारी आहे का? घटपर्णीसारखी?

टेम्सतीर (२५ मे, दुपारी २:१५)

किडे नाहीत, त्याहून बारीक. रोटिफर नावाचे सूक्ष्मजीव, डोक्याशी फिरत्या चाकासारखे केस असलेले. फ्रुलेनियाच्या कुंचीत ते बिऱ्हाड करून असतात. सुकलं की तेही सुकून पडून राहतात, पाऊस आला की भाडेकरू आणि घरमालक दोघेही जागे. एकोणिसाव्या शतकापासून लोक लिहीत आलेत की हे एकमेकांच्या उपयोगाचं आहे, पण फ्रुलेनिया त्यांना खाते असं काही सिद्ध नाही.

खाण्याच्या जवळ जाणारी एक भाऊबंद आहे, कोल्युरा. आफ्रिकेतल्या एका जातीचं नावच कोल्युरा झूफॅगा. तिच्या पिशवीला आत उघडणारं झाकण असतं, सूक्ष्मजीव आत जातो, बाहेर येत नाही. २००० साली प्रयोगाने दाखवलं. पण आत अडकलेल्याचं तिला पोषण मिळतं का, ते त्यात दाखवलेलं नव्हतं.

बागाईतदार_देवगड (२५ मे, दुपारी ३:००)

उंदीर पिंजऱ्यात सापडला म्हणजे आपण खाल्ला असं नाही. बरोबर.

गावठी_चिलीम (२५ मे, रात्री ११:४८)

ऐकलंय की लिव्हरवर्टमध्ये गांजासारखं काहीतरी असतं? मित्रासाठी विचारतोय.

मास्तर_निवृत्त (२६ मे, सकाळी ६:३०)

मित्राला सांगा, ती रॅड्युला नावाची दुसरी यकृतका, फ्रुलेनिया नव्हे. रॅड्युलाच्या काही जातींत गांजातल्या द्रव्याशी मिळतंजुळतं एक द्रव्य सापडलंय, २०१८ साली उंदरांवर त्याचा अभ्यासही आला. परिणाम गांजापेक्षा मवाळ. आणि रॅड्युला ओळखायची खूण अशी की तिला पोटपानं नसतात. मित्राने भिंग घेऊन प्रत्येक झाड उलटंपालटं करेपर्यंत त्याची तलफ गेलेली असेल.

वेण्णाकाठ (२६ मे, सकाळी १०:१५)

सगळं वाचतेय, मजा येतेय, पण माझ्या मामेभावाचे हात कुणाला आठवतात का? पुरळ अजून आहे. खाजवून खाजवून जखमा केल्यात. आता गालांवर आणि पापण्यांवरही लाली आलीय. मामा त्याला कडुनिंबाचा पाला लावतोय.

कातडीबचाव (२६ मे, दुपारी १:३०)

पेशाने त्वचारोगतज्ज्ञ. रुग्ण न बघता निदान करत नाही, त्यामुळे पुढचं माहिती म्हणून वाचा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. पापण्यांवर आलंय तेव्हा थांबू नका.

फ्रुलेनिया आणि त्वचा ही जोडी आमच्या शास्त्रात जुनी आहे. युरोपात आणि कॅनडात लाकूडतोड्यांना हातावर, चेहऱ्यावर इसब यायचं, लाकडाची ॲलर्जी समजायचे. १९६९ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जंगलकामगारांवर अभ्यास झाला आणि दोषी लाकूड नसून त्यावरची फ्रुलेनिया निघाली. त्याच वर्षी फ्रेंच मंडळींनी तिच्यातलं द्रव्य वेगळं काढलं. सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या गटातलं.

आता हा गट आपल्या ओळखीचा आहे. गाजर गवतात जे त्रास देतं ते पार्थेनिन याच गटातलं. काँग्रेस गवत, चटकचांदणी, काय म्हणाल ते. कॅनडातल्या अभ्यासातले डॉक्टर मिचेल आणि पुण्याचे डॉ. लोणकर यांचं नाव १९७४ साली एकाच निबंधावर आहे, विषय गाजर गवताने होणारा त्वचारोग. जंगलातल्या त्या दोऱ्यांपासून पुण्याच्या माळावरच्या गवतापर्यंत एकच माणूस, एकच रसायन-कुटुंब.

एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्यानेही त्रास होऊ शकतो. आणि एक मुद्दा: अशी ॲलर्जी पहिल्याच स्पर्शाला दुसऱ्या दिवशी उठत नाही. अंगाची आधी ओळख झालेली असावी लागते. त्याचं शेतात गाजर गवत उपटणं वगैरे असतं का?

पण इतर संशयितही आहेत. तो कोयता त्याआधी कशावर चालला होता? बिब्ब्याचा चीक लागला असेल तर बिब्बा उततो, तो याहून भयंकर. झाडावर सुरवंट होते का? खाजकुइली जवळ होती का? म्हणून म्हणतो, दाखवा.

साळुंकी (२६ मे, दुपारी २:१०)

बिब्ब्याला +१. माझ्या काकांचा चेहरा एकदा असा सुजला होता की ओळखू येत नव्हते.

पिंपळपान (२६ मे, दुपारी २:४०)

गाजर गवत मिलोबरोबर आलं ना? दुष्काळात अमेरिकेतून आली ती लाल ज्वारी.

बागाईतदार_देवगड (२६ मे, दुपारी ३:०५)

मिलो बहात्तरच्या दुष्काळातला, गवत त्याआधीचं. पुण्यात पन्नासच्या दशकातच नोंद आहे. पीएल ४८० (अमेरिकेची धान्य-मदत योजना) च्या गव्हातून आलं असं म्हणतात. आमचे वडील म्हणायचे, गहू संपला, गवत राहिलं.

शंकासूर (२६ मे, दुपारी ३:३०)

डॉक्टर, एक विचारतो. पान एका पेशीचं, मग हे द्रव्य साठतं कुठे?

मास्तर_निवृत्त (२६ मे, संध्याकाळी ५:००)

डॉक्टरांच्या परवानगीने मी सांगतो. पेशीतच. यकृतकांच्या पेशींत तेलाच्या पिंडिका असतात, त्यांना स्वतःचं वेगळं आवरण. मॉसमध्ये त्या नाहीत, नेच्यांत नाहीत, फुलझाडांत नाहीत, फक्त यकृतकांत. ताज्या पानाची स्लाईड केली तर प्रत्येक पेशीत द्राक्षांच्या घडासारख्या दिसतात. वाळवून कागदात ठेवलेल्या नमुन्यात नाहीशा होतात, म्हणून जाणकार ताजा नमुना मागतो. ही सगळी तिखट, सुवासिक, खाजरी द्रव्यं तिथे भरलेली. गोगलगाईंनी खाऊ नये म्हणून, असा एक कयास.

वेण्णाकाठ (९ जून, रात्री ९:००)

उशीर झाला, क्षमस्व. बातम्या दोन.

मामेभावाला साताऱ्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न गाजर गवताचाच विचारला! तो दरवर्षी बांधावरचं हातानेच उपटतो, आणि दरवर्षी थोडी खाज येते, ती कुणी मनावर घेतली नव्हती. मलम आणि गोळ्यांनी आठवड्यात उतरलं. मग पाठीवर पॅच टेस्ट केली, तीत गाजर गवत आलं. फ्रुलेनियाची टेस्ट त्यांच्याकडे नव्हती. मी डबीत नमुना नेला होता, त्यांनी कुतूहलाने भिंगातून बघितला आणि माझ्याकडेच परत दिला, "हा तुम्हीच सांभाळा" म्हणाले. कोयता आदल्या दिवशी नुसत्या करवंदीवर चालला होता, बिब्बा नव्हता. सुरवंटाचं कुणाला आठवत नाही.

दुसरी बातमी, पाऊस लागला.

कातडीबचाव (९ जून, रात्री ९:२५)

चांगलं झालं. म्हणजे पुरळ फ्रुलेनियाने आलं हे सिद्ध नाही, पण येऊ शकतं एवढं नक्की. त्याने गवत उपटताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे. जांभळाला हात लावायची त्याला गरज नाही.

गावठी_चिलीम (९ जून, रात्री ११:५५)

मित्राला रॅड्युला सापडली नाही.

कौलारू (२ जुलै, रात्री ८:१०)

धागा वर काढतो. आज आमच्या हिरड्याच्या खोडावर फ्रुलेनिया शोधली आणि सापडली. पण बीजाणू काही दिसले नाहीत. कधी येतात?

मास्तर_निवृत्त (३ जुलै, सकाळी ६:४०)

हिचे नर आणि मादी दोरे वेगळे असतात. दोन्ही जवळ असतील, मध्ये पाण्याचा पातळ थर असेल, तरच जमतं. त्यामुळे पुष्कळ चट्ट्यांवर काहीच येत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात बघा. आखूड फांदीच्या टोकाला तीन धारांची, चोच असलेली थैली दिसली तर नशीब. तिच्यातून छोट्याशा पांढऱ्या देठावर गोल गोळी वर येते, गडद तपकिरी. ती चार फाकांत फुटते.

ते फुटणं बघायला मी एम.एस्सी.ला असताना दोन तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो होतो. आत स्प्रिंगसारखे धागे असतात, तळापासून छतापर्यंत ताणून बांधलेले. फाका मागे वळल्या की धागे ताणतात, ताणतात, आणि खालचं टोक तुटतं. सटकन. बीजाणू उडतात, धागे मात्र फाकांच्या टोकांना ब्रशसारखे उभे राहतात. मी नेमका त्या क्षणी चहाला उठलो होतो. परत आलो तर ब्रश उभे.

उपटसुंभ (३ जुलै, सकाळी ९:०५)

मास्तर, पहिल्यांदाच तुमच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं.

बागाईतदार_देवगड (३ जुलै, सकाळी ९:४०)

मूळ प्रश्न राहिलाच. मामांनी बोर्डो लावली की नाही?

वेण्णाकाठ (५ जुलै, रात्री १०:२०)

कालच वाडीत जाऊन आले. चार दिवस धो धो, वीज नाही, विहीर काठोकाठ.

न खरवडलेलं जांभूळ पावसात बघितलं. मे महिन्यातला तांबूस डाग कुठे शोधू? सगळं खोड हिरवट तपकिरी, फुललेलं, हात ठेवला तर ओल्या गोधडीसारखं. पाणी खोडावरून धावत नाही, त्यातून झिरपत येतं. शेजारचं खरवडलेलं जांभूळ उघडं, काळं, त्यावरून पाण्याच्या धारा सरळ खाली. ज्या दोन ठिकाणी कोयता खोल गेला होता तिथून डिंक येतोय.

मामाला भिंग दिलं, बशीत दोरा दिला, वर थेंब टाकला. छत्र्या उघडल्या. मामा बराच वेळ वाकून बसला. मग म्हणाला, "हे आपल्या लहानपणापासून आहे झाडावर." एवढंच.

मोरचूद कलमी आंब्याला वापरलं. जांभळावरच्या जखमांना तेवढी पेस्ट लावली, बाकी खोड तसंच ठेवलंय. खरवडलेल्या बाजूला फ्रुलेनिया परत यायला किती वर्षं लागतील, मास्तर?

मास्तर_निवृत्त (६ जुलै, सकाळी ६:३५)

वर्षाला किती सरकते ते मोजून ठेवा. राहिलेल्या चट्ट्याच्या कडेला सालीवर खडूने नको, पाऊस धुवून टाकेल. पितळी टाचणी टोचा, बाहेरच्या मेलेल्या सालीतच. पुढच्या जूनला टाचणीपासून पट्टी लावा.

शंकासूर (६ जुलै, सकाळी ८:००)

पितळेत तांबं असतं मास्तर. तांब्यापुढे ही मंडळी टिकत नाहीत, देवगडकरांनी पहिल्याच पानावर सांगितलंय.

मास्तर_निवृत्त (६ जुलै, सकाळी ८:२०)

स्टीलची टोचा.